उपनगरांची पाणीवाली बाई
(कै. मृणाल गोरे यांच्या लोककार्याचे स्मरण)

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील दानशूर गृहस्थांची, विद्वानांची आणि उद्योगपतींची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे. तो उत्तम आहे व तसाच चालू राहावा. ज्या समाजाला आपल्या वडीलधाऱ्यांचे स्मरण राहत नाही, त्याच्या मुलांना पुढे चालण्यास वाट सापडत नाही. यंदा मात्र संपादक मंडळाच्या अनुमतीने प्रस्तुत लेखक एका अशा स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे, जी आपल्या ज्ञातीत जन्मली नाही, जिने आपल्या फंडास देणगी दिली नाही आणि आपल्या व्यासपीठावर जिचा सत्कारही कधी झाला नाही. असे असता हा लेख येथे कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ बांधव विचारतील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. आरंभी एवढेच सांगतो की, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड या भागांत ज्या आपल्या कुटुंबांनी एका खोलीत बिऱ्हाडे थाटली, त्या कुटुंबांतील आयाबहिणींच्या कमरेवरची कळशी हलकी करणाऱ्यांत या बाईंचे नाव अग्रभागी आहे. ऋण ज्ञातीबाहेरच्या माणसाचे असले तरी ते ऋणच होय.

प्रथम या भूमीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. जोगेश्वरीचे नाव जुने आहे. येथील डोंगरात कोरलेले शिवाचे लेणे सहाव्या शतकातील, म्हणजे सुमारे पंधराशे वर्षांचे आहे आणि त्यातील देवीवरूनच गावास नाव मिळाले. इंग्रजी अमदानीत साष्टीचा हा सर्व मुलूख भातशेतीचा, ताडामाडांचा आणि लहान लहान पाड्यांचा होता. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची आगगाडी धावू लागली आणि १९३० साली जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसूफ कॉलेज उघडले. तेव्हापासून शहराची नजर इकडे वळली. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि विशेषतः स्वातंत्र्यानंतर कारखाने उपनगरांकडे सरकू लागले. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, पुढे उत्तरेकडून व दक्षिणेकडून पोटासाठी निघालेला माणूस स्टेशनाच्या आसपास जागा मिळेल तेथे विसावला. डोंगराच्या उतारावर, नाल्याच्या काठी, जुन्या जमीनदाराच्या वाडीत चाळी उठल्या. चाळींना लागून झोपड्या आल्या आणि झोपड्यांच्या रांगांना माणसांनी आपल्या देवांची नि पुढाऱ्यांची नावे दिली.

यात एक गोष्ट ध्यानी धरण्याजोगी आहे. १९५० साली बृहन्मुंबईची रचना झाली तेव्हा नव्या शहराची हद्द पूर्वेस भांडुपपर्यंत व पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत येऊन थांबली. जोगेश्वरीच्या पलीकडचे गोरेगाव ग्रामपंचायतीच्या कारभारात राहिले आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत हद्दवाढ झाली तेव्हा तेही महापालिकेत आले. म्हणजे सात वर्षे जोगेश्वरी ही मुंबईची वेस होती. वेशीवरच्या वस्तीचे जे व्हायचे तेच झाले. घरपट्टी शहराची आणि सुखसोयी मात्र खेड्याच्या, अशी स्थिती अनेक वर्षे राहिली.

पाण्याच्या बाबतीत तर दैवाची थट्टाच म्हणावी लागेल. मुंबई शहरास नळाचे पाणी प्रथम मिळाले ते १८६० साली बांधून झालेल्या विहार तलावातून. त्यानंतर १८७९ साली तुळशी तलावाचे पाणी आले. हे दोन्ही तलाव साष्टी बेटातल्या डोंगरांत, म्हणजे आपल्या उपनगरांच्या अगदी उशाशी आहेत. पुढे १८९२ साली तानसा आणि १९५७ साली वैतरणा येथील धरणांचे पाणी शंभर किलोमीटरांच्या आसपासचे अंतर कापून नळांतून शहरात आले. हे सारे पाणी उपनगरांच्या अंगावरून दक्षिणेकडे जात असे. ज्यांच्या डोंगरात तलाव त्यांच्याच स्त्रिया हंडे घेऊन विहिरी शोधीत हिंडत. नळ नव्हताच असे नाही. कोठे वस्तीच्या तोंडाशी एखादे नळकोंडाळे असे. पण त्यास पाणी येण्याची वेळ पहाटेची नाही तर मध्यरात्रीची, धार करंगळीएवढी आणि रांग शंभर हंड्यांची.

शिक्षकाच्या पेशात अनेक वर्षे काढल्यामुळे प्रस्तुत लेखकास या प्रश्नाची एक बाजू जवळून पाहता आली. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलांची नावे हजेरीपटाच्या कडेला टिपून ठेवण्याची शिक्षकांची रीत असते. त्या यादीत मुलींची नावे मुलांहून कितीतरी अधिक असत. कारण विचारले तर उत्तर एकच येई : "गुरुजी, नळावर नंबर होता." वडील पाळीवर गेलेले, आई दुसऱ्याच्या घरी धुण्याभांड्याला, धाकटे भावंड कडेवर आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला रांग. अशा किती मुली चौथीनंतर शाळेत दिसेनाशा झाल्या! अज्ञान, दारिद्र्य, बालविवाह ही कारणे समाजसुधारक सांगतात, ती खोटी नाहीत. परंतु नळाची वेळ हेही मुलींच्या निरक्षरतेचे एक कारण आहे, हे पुस्तकांत क्वचितच आढळते.

दीनदुबळ्यांच्या वस्तीत जाऊन सेवा करण्याची परंपरा मुंबईस नवी नव्हती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापून अस्पृश्य गणलेल्या बांधवांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजातील ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग सुरू करून गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने चालविले. विलायतेत १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल आणि १८८९ साली अमेरिकेतील शिकागो शहरी जेन ॲडम्स यांचे हल हाऊस निघाले. सुशिक्षितांनी गरिबांच्या गल्लीतच बिऱ्हाड करावे, हा त्यांचा दंडक होता. त्याच विचाराची संस्था आपल्या नागपाड्यात निघाली आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारे विद्यालयही मुंबईत सुरू झाले. ज्ञातिसंस्थांनीही आपापल्या परीने वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, स्वस्त भाड्याच्या चाळी यांच्या द्वारे हातभार लावला. या सर्व सेवेत देणारा व घेणारा असे दोन पक्ष बहुधा स्पष्ट राहत. मृणालताईंचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी घेणाऱ्याला मागणारा केला आणि मागण्याला हक्काचे रूप दिले.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ रोजी मोहिले घराण्यात झाला. बुद्धी तल्लख, डॉक्टर व्हावे या हेतूने त्या वैद्यकीय शिक्षण घेऊ लागल्या. त्या काळी मुलीने डॉक्टर होणे ही घराण्यास केवढी भूषणाची गोष्ट होती, हे आजच्या मुलींना सांगून कळणार नाही. परंतु बेचाळीसच्या चळवळीनंतरचे दिवस होते. १९४१ साली पुन्हा संघटित झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर साने गुरुजी व एस. एम. जोशी यांच्या प्रभावाखाली हजारो तरुण-तरुणी येत होत्या. जातिधर्माचा भेद न मानता एकत्र खेळणे, एकत्र जेवणे आणि गावात जाऊन श्रम करणे हा तेथील संस्कार होता. मृणालताई त्यात ओढल्या गेल्या आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी पूर्ण वेळ समाजकार्य पत्करले.

तेथेच त्यांना केशव उपाख्य बंडू गोरे हे सहकारी भेटले आणि १९४८ साली उभयतांचा विवाह झाला. मोहिले आणि गोरे ही घराणी निरनिराळ्या ज्ञातींतील आहेत, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. ज्या स्मरणिकेच्या मागील पानांवर वधूवरांची यादी ज्ञातीच्या कुंपणाआत छापली जाते, तीत हा उल्लेख करताना लेखणी क्षणभर थबकते. तथापि चरित्र लिहावयाचे तर खरे लिहावे. त्या विवाहातून कोणाची हानी झाली नाही आणि एका अख्ख्या उपनगराचे हित झाले, ही वस्तुस्थिती आहे.

नवदांपत्याने गोरेगावी संसार मांडला. (गोरेगाव हे गावाचे नाव व गोरे हे त्यांचे आडनाव यांचा परस्परांशी काही संबंध नाही, नवख्या माणसाचा येथे घोटाळा होतो.) गावात तेव्हा ग्रामपंचायत होती. रस्त्यांवर दिवे अपुरे, गटारे उघडी, दवाखाना दूर. पती-पत्नींनी समाजवादी पक्षाचे काम करताना प्रथम याच गोष्टींत लक्ष घातले. मृणालताईंनी स्त्रियांना एकत्र आणून महिला मंडळाचे काम केले आणि ज्या विषयाचा उच्चारही चारचौघांत होत नसे, त्या कुटुंबनियोजनाविषयी त्या घरोघर जाऊन बोलू लागल्या. सुरुवातीस दारे बंद झाली असतील, टोमणे ऐकावे लागले असतील. पण सहा बाळंतपणांनी खंगलेली बाई हे बोलणे दाराआडून का होईना ऐकत असे.

१९५८ साली केशव गोरे यांचे अकाली निधन झाले. मृणालताई तेव्हा अवघ्या तीस वर्षांच्या. पदरी लहान मुलगी. आपल्या समाजात तीस वर्षांच्या विधवेने काय करावे, याचे ठराविक उत्तर त्या काळी ठरलेलेच होते. माहेरी परतावे, अथवा शिवणयंत्र घेऊन कोपऱ्यात बसावे. मृणालताईंनी पतीचे स्मारक उभारावयाचे ठरविले आणि ते गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या रूपाने उभे राहिले. पुतळा नव्हे, तर सभागृह, वाचन, व्याख्याने आणि अडल्यानडल्यांना आधार अशी ती चालतीबोलती वास्तू आहे. दुःखाला कामाची दिशा देणे यालाच आपल्या संतांनी पुरुषार्थ म्हटले असावे. येथे तो एका स्त्रीने केला.

१९६१ साली गोरेगावच्या मतदारांनी त्यांना मुंबई महानगरपालिकेत निवडून दिले. गोरेगाव महापालिकेत येऊन चार वर्षे झाली होती आणि पाण्याचा प्रश्न जसाच्या तसा होता. मृणालताईंनी याच प्रश्नास हात घातला.

त्यांची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे. नगरसेवकाने अधिकाऱ्यास भेटून आपल्या वॉर्डात एखादे नळकोंडाळे बसवून घ्यावे आणि त्यावर आपल्या नावाची पाटी लावावी, ही सोपी रीत होती. ताईंनी प्रथम आकडे मागितले. शहरात दरडोई किती पाणी मिळते आणि उपनगरांत किती, कोणत्या व्यासाचा नळ कोठपर्यंत आला आहे, दाब कमी का पडतो, हे त्या इंजिनिअरांना विचारीत आणि उत्तर समजेपर्यंत सोडीत नसत. मग ते आकडे त्या वस्तीत येऊन सांगत. जी बाई आजवर म्हणे, "आमच्या नशिबात पाणी नाही," तिला त्या दाखवून देत की नशिबाचा येथे काही संबंध नाही. बारा इंचांच्या जागी सहा इंचांचा नळ टाकला तर पाणी येणार कोठून? यानंतर मोर्चा निघे. रिकामे हंडे घेतलेल्या शेकडो स्त्रिया महापालिकेच्या कचेरीवर जात आणि दालनाबाहेर बसून राहत. घागरी वाजत राहत. अधिकाऱ्याला घेराव पडे. पण घेरावात शिवीगाळ होत नसे. बायका प्रश्न विचारीत आणि तारीख मागत. दिलेली तारीख उलटली की पुन्हा मोर्चा.

या झगड्याने उपनगरांकडे मोठे नळ वळले, वस्त्यांत सार्वजनिक नळ वाढले. सारा प्रश्न सुटला असे नाही. मुंबईची वाढ पाण्याच्या वाढीस नेहमीच मागे टाकीत आली आहे. परंतु उपनगरातील गरिबालाही पाणी मागण्याचा अधिकार आहे, हे महापालिकेच्या सभागृहास मान्य करावे लागले. लोकांनी ताईंना "पाणीवाली बाई" हे नाव दिले. सरकारी पदव्या पुष्कळांना मिळतात. नळावरच्या बायकांनी दिलेली पदवी फार थोड्यांना लाभते.

१९७२ साली त्या महाराष्ट्र विधानसभेवर निवडून गेल्या. ते वर्ष महाराष्ट्राच्या स्मृतीत भयंकर दुष्काळाचे वर्ष म्हणून कोरले गेले आहे. रॉकेल, साखर, गोडे तेल, तूरडाळ या वस्तू बाजारातून नाहीशा झाल्या. शिधावाटप दुकानापुढे रांगा लागल्या. अशा वेळी अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते आदी निरनिराळ्या पक्षांतील स्त्रियांसह मृणालताईंनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. साम्यवादी व समाजवादी यांचे एरवी विळ्याभोपळ्याचे सख्य. पण स्वयंपाकघरात पक्षभेद चालत नाही, हे त्यांनी ओळखले. हाती लाटणे घेऊन रिकामी थाळी वाजवीत हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. ज्यांनी कधी उंबरठा ओलांडून सभेस पाऊल टाकले नव्हते अशा स्त्रिया, आपल्या चाळींतल्याही, त्या "लाटणे मोर्चा"त गेल्या. ज्या लाटण्याने घरोघरी पोळी लाटली जाते तेच राज्यकर्त्यांना ऐकू जाईल असे वाद्य झाले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पक्षांचे पुढारी धडाधड तुरुंगात गेले. मृणालताई काही काळ भूमिगत राहून काम करीत होत्या. पुढे त्यांना अटक झाली व कारावास भोगावा लागला. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत त्या मुंबई उत्तर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या आणि त्याच निवडणुकीत पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर एक घोषणा गाजली : "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!" घोषणेतील विनोद बाजूला ठेवला तरी गोरेगावच्या नळापासून निघालेली वाट संसदेपर्यंत पोहोचली, हे तीतून दिसते.

पाण्यानंतर निवाऱ्याचा प्रश्न आला. झोपडीधारकास घर नाही म्हणून नळ नाही, नळ नाही म्हणून तो नागरिक नाही, असा हा फेरा आहे. १९७१ साली झोपडपट्टी सुधारणेचा राज्याचा कायदा आला, १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन ओळखपत्रे दिली गेली. त्याच १९७६ साली केंद्राने नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा केला. शहरांतील मर्यादेबाहेरची मोकळी जमीन सरकारने घेऊन गरिबांच्या घरांना द्यावी, असा त्याचा हेतू. कायदा कागदावर राहिला आणि जमिनी पडून राहिल्या. मृणालताईंनी बाबूराव सामंतांसारख्या सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषद उभारली आणि या कायद्याखाली गोरेगाव पूर्वेस दिंडोशी येथील जमीन बेघरांच्या घरांसाठी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अर्ज, शिष्टमंडळे, न्यायालय, मोर्चे, सर्व मार्ग वापरले. अखेर तेथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सहा हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी राहिली. ज्या शहरात एका खोलीसाठी माणूस आयुष्यभराची पुंजी देतो, तेथे नफ्याविना सहा हजार घरे ही सामान्य गोष्ट नव्हे.

स्त्रियांविषयीच्या त्यांच्या कार्याचा उल्लेख केल्याविना हा लेख पुरा होणार नाही, कारण तो विषय आपल्या प्रत्येक घराशी निगडित आहे. १९८३ साली केशव गोरे स्मारकातून "स्वाधार" हे केंद्र सुरू झाले. सासरी छळ झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, कोठे जावे हे न कळणाऱ्या स्त्रियांना तेथे सल्ला, वकील आणि धीर मिळू लागला. १९८५ साली मृणालताई पुन्हा विधानसभेत गेल्या आणि पुढे काही काळ विरोधी पक्षनेत्याही झाल्या. याच काळात गर्भजल तपासून मुलीचा गर्भ असल्यास तो पाडण्याचा अघोरी धंदा मुंबईत फोफावला होता. त्याविरुद्ध स्त्री-संघटनांनी व काही डॉक्टरांनी मोहीम उघडली आणि मृणालताईंनी १९८६ साली विधानसभेत अशासकीय विधेयक आणले. या सर्व प्रयत्नांतून १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगचाचणीस आळा घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य होय. केंद्राचा कायदा १९९४ साली आला.

या दवाखान्यांत पायरी चढून जाणारे लोक केवळ झोपडीतले नव्हते. चांगल्या, सुशिक्षित, कुलीन म्हणविणाऱ्या घरांतलेही होते. आपल्या मेळाव्यांत दरवर्षी मुलीच्या बापाची चिंता आपण ऐकतो. त्या चिंतेचे मूळ हुंड्यात आहे, मुलीत नाही. ज्या स्त्रीने गरीब मुलीच्या कमरेवरचा हंडा उतरविण्यासाठी आयुष्य वेचले, तिनेच श्रीमंताच्या मुलीला जन्माला येण्याचा हक्क मिळावा म्हणून कायदा मागितला. या दोन गोष्टींचा धागा एकच आहे.

आता दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे पाहिली पाहिजे. मृणालताईंचा पक्ष पुढे विस्कळीत झाला. समाजवादी चळवळीची उपनगरांतली पकड सैल झाली आणि तिच्या जागी भाषा, धर्म व जात यांच्या नावाने माणसे जोडणाऱ्या संघटना वस्त्यांत रुजल्या. त्यांतल्या कित्येकांनी गरिबांची कामे केली, रुग्णवाहिका आणल्या, मुलांना वह्या दिल्या, हे मान्य करावयास हवे. पण हक्काच्या जागी ओळख आली. नळजोडणीच्या अर्जावर कोणाची शिफारस आहे, प्लंबर कोणाचा आहे, वस्ती कोणत्या पुढाऱ्याची आहे, यावर पाण्याची धार ठरू लागली. निखिल आनंद नावाच्या अभ्यासकाने २०१७ साली "हायड्रॉलिक सिटी" हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुंबईच्या उत्तर उपनगरांतील वस्त्यांचा, विशेषतः आपल्या जोगेश्वरीचा, पाण्याच्या अंगाने अभ्यास आहे. मेघवाडी आणि प्रेमनगर या जोगेश्वरीच्याच वस्त्या. पण नळाचे पाणी सर्वांस सारखे नाही, हे त्यातून दिसते. पाण्याला जात नसते असे आपण मुलांना शिकवितो. ते नळातून येताना मात्र तिला जात फुटते.

आणि १९९३ चा जानेवारी महिना जोगेश्वरी कशी विसरेल? त्या दंगलीत येथील राधाबाई चाळीत निरपराध माणसे झोपेत जाळली गेली. वस्तीवस्तीत दोन्ही धर्मांचे लोक मेले, घरे लुटली गेली, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी परस्परांस पाठमोरे झाले. ज्या बायका एका नळावर भांडत आणि त्याच नळावर एकमेकींची सुखदुःखे ऐकत, त्यांचे नळ वेगळे झाले. ही हानी पंचनाम्यात लिहिली जात नाही.

उलटपक्षी ताईंनी लावलेले रोप वाळले असेही म्हणवत नाही. नव्या झोपड्यांना अनधिकृत ठरवून नळ नाकारण्याच्या धोरणाविरुद्ध "पाणी हक्क समिती" न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवाडा दिला की, घर अधिकृत नसले तरी माणसास पाणी नाकारता येत नाही. जगण्याच्या हक्कातच पाण्याचा हक्क येतो. मृणालताई तो निवाडा ऐकण्यास हयात नव्हत्या. १७ जुलै २०१२ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वसई येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे गोरेगावातील एका उड्डाणपुलास त्यांचे नाव देण्यात आले. पुलास नाव देणे योग्यच. पूर्व आणि पश्चिम जोडणे हे पुलाचे काम आहे आणि ताईंचेही तेच होते.

ज्ञातिबांधव आणि भगिनींनो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. ज्ञातिसंस्था म्हणजे मोठ्या कुटुंबाप्रमाणे आहे. कुटुंबाने आधी आपल्या मुलांना जेवू घालावे, यात गैर काही नाही. आपल्या शिष्यवृत्तीवर शिकून किती मुले मार्गी लागली, हे प्रस्तुत लेखकाने शिक्षक या नात्याने पाहिले आहे आणि त्याबद्दल तो मंडळाचा ऋणी आहे. परंतु ज्या गोष्टींवाचून जगता येत नाही, त्या कोणतीही ज्ञाती एकटी मिळवू शकत नाही. पाण्याचा नळ ज्ञातीपुरता घालता येत नाही. गटार ज्ञातीपुरते साफ होत नाही. साथीचा रोग घरात शिरताना आडनाव विचारीत नाही. या गोष्टी शेजाऱ्यांबरोबर मिळवाव्या लागतात, मग तो शेजारी कोणत्याही ज्ञातीचा वा धर्माचा असो. मृणालताईंच्या मोर्च्यातल्या बायकांनी परस्परांची जात विचारली असती तर नळ आजही वेशीबाहेर राहिला असता.

म्हणून मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. एक अशी की, आपल्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी निदान एक शिष्यवृत्ती ज्या वस्तीत आपले कार्यालय आहे, त्या वस्तीतील कोणत्याही ज्ञातीच्या होतकरू मुलीस द्यावी. रक्कम फार नसो. देण्यातला अर्थ मोठा आहे. दुसरी अशी की, आपले सभागृह लग्नसराई संपल्यावर पावसाळ्यात बहुतेक दिवस रिकामे असते. ते वस्तीतील मुलांना सायंकाळी अभ्यासासाठी उघडावे. एका खोलीत सहा माणसे राहत असता मूल अभ्यास करणार कोठे? दिवे आणि पंखे यांचा जो खर्च येईल त्यातील आपला वाटा उचलण्याची प्रस्तुत लेखकाची तयारी आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस गणित व मराठी शिकविण्याचीही.

या सूचनांचा विचार सर्वसाधारण सभेत व्हावा. काही बांधवांचा विरोध होईल. फंड ज्ञातीचा आहे, तो ज्ञातीसाठीच जमविला आहे, असे ते म्हणतील. तो युक्तिवाद घटनेप्रमाणे खरा आहे आणि त्याचा आदर राखूनच मत मागावे. परंतु मत देण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस विचारावे की, तिच्या दारी नळ कोणत्या साली आला आणि तो आणण्यासाठी कोण कोण रस्त्यावर उतरले होते. उत्तर ऐकून मग हात वर करावा.